न हलता पडून राहण्याचं शिक्षण

मानवी मेंदू कसा घडतो हे विज्ञानापुढचं फार मोठं कोडं आहे, आणि ते सोडवण्यात आमच्या घराचाही वाटा आहे. वाटा म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या भाचीचं डोकं.

पुण्यातल्या एका संस्थेत मुलांच्या मेंदूची वाढ मोजतात. त्याच मुलांना दरवर्षी बोलवायचं, एमआरआय काढायचा आणि नवं चित्र जुन्या चित्राशेजारी ठेवून कुठला भाग वाढला, कुठला पातळ झाला ते बघायचं. "पातळ?" माझी बहीण दचकली. मोठं होताना मेंदूचं वरचं आवरण थोडं पातळ होतंच आणि ते चांगलं असतं, हे तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला दोनदा समजावलं. ताईने दोन्ही वेळा मान डोलावली आणि घरी येऊन भिजवलेल्या बदामांची संख्या वाढवली.

पहिल्या वर्षी भाचीचं चित्र धावत्या रिक्षातून काढलेल्या फोटोसारखं आलं. डोकं हललं होतं. यंदाही हललं तर नाव कमी करावं लागेल, असं डॉक्टरबाईंनी हळुवारपणे सांगितलं. भाचीला विज्ञानाची काळजी नव्हती. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीने स्वतःच्या मेंदूचं चित्र कपाटावर चिकटवलं होतं. हिला ते हवं होतं. जागासुद्धा पुसून ठेवली होती.

अर्धा तास न हलता पडून राहायचं, आणि ही मुलगी तर जेवतानाही ताटाभोवती फेऱ्या मारते. शिक्षक म्हणून माझी एकमताने निवड झाली.

"अरे, तुला अनुभव आहे," ताई म्हणाली. "आलेले पाहुणे रविवारी तुला पडलेला बघून हळू बोलतात."

मग ताईच्या विश्रांतवाडीतल्या फ्लॅटमध्ये पंधरा दिवस जेवणानंतर वर्ग भरले. जेवणाचं टेबल म्हणजे मशीन. भाची त्याच्याखाली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा, शेजारी आदर्श म्हणून मी. मशीन भयंकर आवाज करतं, म्हणून ताई वर स्टीलचं ताट बडवायची आणि मधूनच मिक्सर लावायची. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांना सगळं सांगितलं.

"मेंदूत काही निघालं का?"

"अजून तपासायचाय," ताई म्हणाली.

"मग ताट मुलीला ऐकवा. मला कशाला?"

दुसऱ्या आठवड्यात नाक खाजलं तरी भाची हलेना. "मामा, तुम्ही हललात," ती डोळे मिटून सांगायची. शिक्षकाला याहून काय हवं?

स्कॅनच्या दिवशी दोन फॉर्म निघाले. एक पालकांचा, आठ पानी. दुसरा भाचीचा, कारण मुलाची स्वतःची संमतीही लागते. तिने सही करून शेजारी फूल काढलं. चुंबकाच्या खोलीत धातू चालत नाही, आणि सोबतीला आत मी जाणार होतो. किल्ल्या, घड्याळ, पट्टा सगळं बाहेर राहिलं. विज्ञानाच्या त्या गाभाऱ्यात मी दोन्ही हातांनी पँट धरून उभा होतो.

डॉक्टरबाईंनी भाचीच्या हातात एक बटण दिलं. आधी नुसतं पडून राहायचं; मग पडद्यावर मांजर दिसलं की बटण दाबायचं. टेबल आत सरकलं. ठणठणाट सुरू झाला. मी तिच्या पायांकडे बघत होतो. अंगठासुद्धा हलला नाही. मला भरून आलं, पण पँटमुळे डोळे पुसता आले नाहीत.

बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. राखाडी रंगाच्या वळ्या, एकेक रेष स्वच्छ.

"इतकं स्पष्ट चित्र या वयात क्वचित मिळतं," त्या म्हणाल्या. "घरी काय केलंत?"

"सराव," मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो.

"हा माझा?" भाचीने काचेला नाक लावून विचारलं. डॉक्टरबाईंनी छापील प्रत तिच्या हातात दिली. ताईने आधी ती प्रत कपाळाला लावली, मग उलटी धरली आहे असं लक्षात आल्यावर सुलट केली.

डॉक्टरबाई दुसरा कागद चाळत होत्या. पडद्यावर चाळीस मांजरं दाखवली होती. बटण एकदाही दाबलेलं नव्हतं. मुलगी गाढ झोपली होती.