रेवाची पहिली फेरी आणि अप्पांचा नारळ

माझ्या वडिलांच्या हातून त्या दिवशी माझी मुलगी मेलीच असती.

आज सकाळी ते वडील गेले. आमचे अप्पा. हुबळीच्या बाजारात पन्नास वर्षं भांडी विकली, वय अठ्ठ्याहत्तर.

सकाळपासून फोन येताहेत. दर तिसरा माणूस रडता रडता मध्येच हसतो आणि तो नारळाचा किस्सा काढतो.
किस्सा मीच पसरवलाय. म्हणून आज नीट सांगते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी रेवा नऊ वर्षांची होती आणि तिला घोड्यावर बसायला शिकायचं होतं. मी नको म्हटलं. अप्पांनी घर डोक्यावर घेतलं.

"आपल्यात घोडा एकदाच मिळतो, लग्नात. तोही भाड्याचा, आणि दुसऱ्यानं धरलेला. पोरीला तरी शिकू दे की ग!"

"पडली तर?"

"माझी जबाबदारी."

मी धारवाडला वकिली करते. 'माझी जबाबदारी' म्हणणारी माणसं रोज बघते. तरी हो म्हटलं.

रविवारी सकाळी रायापूरच्या पुढे, हायवेजवळच्या मैदानावर गेलो. शिकवायला बसप्पा मास्तर, पोलिसांच्या घोड्यांत उभं आयुष्य काढलेला माणूस. घोडीचं नाव मल्ली. तांबडी, शांत.

रेवाला हेल्मेट घालून खोगिरावर बसवलं. ती इतकी खूश होती की मला माझाच राग आला, उगाच अडवत होते म्हणून.

आणि अप्पांनी दुकानाची कापडी पिशवी उघडली.

आमच्या घरात नवी वस्तू पूजेशिवाय सुरू होत नाही. स्कूटर, फ्रिज, माझा पहिला लॅपटॉप, सगळ्यांना अप्पांच्या हातचं कुंकू आणि एक नारळ. मग नातीचा पहिला घोडा कसा सुटेल?

मास्तर म्हणाले, "कुंकुम हच्चरी. काई ब्याड्री."
कुंकू लावा, नारळ नको.

अप्पांनी मान डोलावली. कुंकू लावलं. मल्ली गप्प उभी. मास्तर एका हातात दोरी धरून रिकिबीचा पट्टा लहान करायला वाकले.

पन्नास वर्षांची सवय. कुंकू झालं की हात आपोआप नारळाकडे जातो.

शेजारच्या दगडावर, फाट्!

मास्तरांच्या हातून दोरी निसटली. घोडी पळाली. वर माझी मुलगी.

रेवा ओरडली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. एक पाय रिकिबीतून सुटलेला, दोन्ही मुठींत आयाळ.

मी किंचाळले. मास्तरांनी दबक्या आवाजात दरडावलं, "चीरब्याड्री, अक्का!" ओरडू नका, ताई. किंचाळलं, मागे धावलं की घोडी आणखी पळते.

मल्लीनं मैदानाला अर्धा वळसा घेतला. समोर गेट.
उघडं.

गेटपलीकडे जेमतेम चाळीस पावलांवर हायवे. ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

आणि गेटमध्ये अप्पा दिसले.

दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जिना चढताना चारदा थांबणारा माणूस. गेट ओढून घ्यायला वेळच नव्हता. हात पसरून मध्ये उभे राहिले. तोंडातून अवाक्षर नाही.

मल्ली सरळ त्यांच्या अंगावर गेली.

हातभर अंतरावरून वळली. मग वेग कमी झाला, मग नुसतं चालणं, मग थांबली. मास्तर सावकाश गेले आणि त्यांनी लगाम धरला.

"उतरवा तिला!" मी म्हटलं.

मास्तर म्हणाले, आत्ता उतरली तर भीती सोबत घेऊन घरी जाईल. घोडीही शिकेल, पळालं की सुटका होते. एक फेरी पूर्ण करू द्या.

अप्पा कसेबसे आले. "सुमे, नको ग. चुकलं माझं. घरी जाऊया."

रेवाचे ओठ पांढरे पडले होते. "अज्जा, तू गप. आई, एक फेरी."

कुठून बळ आलं माहीत नाही. मी मान डोलावली.

मास्तरांनी दोरी घट्ट धरली. मल्ली निघाली. अप्पा मैदानाकडे पाठ करून उभे. बघवत नव्हतं त्यांना.

"कुठं पोचली?"
"झाडापाशी."
"आता?"
"वळतेय."
"सुमे, आता?"
"येतेय, अप्पा."

ती उतरली तेव्हा अप्पा मातीतच बसले.

आणि मी तिथंच, सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्ही परत तिच्याबरोबर इथं यायचं नाही."

"बरं," म्हणाले.

सहा वर्षांत एकदाही आले नाहीत. रेवा आता अडथळ्यांवरून घोडा उडवते, ते त्यांनी फक्त मोबाईलवर पाहिलं. दर रविवारी फोन मात्र यायचा. "परत आलात का?" एवढंच.

आणि मी? प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात नारळाचा किस्सा रंगवून सांगितला. लोक विचारायचे, "अप्पा, पिशवीत काय आहे?" तेही हसायचे.

गेटचं मी कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. गेट उघडं कसं?

सगळ्यांत शेवटी आत मी आले होते. एका अशिलाचा फोन चालू होता. कडी लावायची राहिली.

अप्पांना माहीत होतं. येताना त्यांनी मागे वळून पाहिलं होतं. म्हणून तर घोडी सुटल्याबरोबर, आम्हाला काही कळायच्या आत, ते गेटकडे निघाले.

मी त्यांना बोलत होते तेव्हा एका शब्दानं ते हे सांगू शकले असते. नाही सांगितलं. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

काल मी दवाखान्यात त्यांच्याशी सगळं बोलायचं ठरवून गेले होते. रविवार होता. त्यांनी विचारलं, "रेवा परत आली का?"
"आली," मी म्हटलं.
त्यांनी डोळे मिटले. मी बाहेर येऊन चहा प्यायले.

अप्पा, गेट मी उघडं टाकलं होतं.
सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्हाला बोलले होते तेही सगळ्यांसमोरच.

पायांवर डोकं ठेवते.
तुमची सुमा