सरळ झालेलं अक्षर

थडग्यासाठी क्रूस करणाऱ्या सुताराने विचारलं, "बाईंचं जन्मसाल?" पामफिल त्यांचा शेजारी, एकोणीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेला माणूस. पण अग्लायाबाईंचा जन्म कधीचा, वडिलांचं नाव काय, लग्न झालं होतं की नव्हतं, त्याला काहीच सांगता येईना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या फ्रोसीनाने बाईंच्या कपाटातून ओळखपत्र शोधून आणलं, तेव्हा कुठे क्रूसावर आकडे कोरले गेले. पामफिलला ठाऊक होतं ते एवढंच की बाई कॉफी बिनसाखरेची पीत, त्यांच्या उजव्या हाताची करंगळी नीट वळत नसे, आणि त्यांच्या टाईपरायटरचं 'ए' हे अक्षर ओळीच्या वर उडी मारत असे.

तेही बरंचसं भिंतीतून कळलेलं. सिरेत नदीकाठच्या त्या लहानशा गावात टाईपरायटर दुरुस्त करणारा पामफिल एकटाच. बायको गेल्यापासून घरीही एकटाच. संध्याकाळी पलीकडे टकटक सुरू झाली की तो रेडिओ बंद करायचा. रेडिओवर तरी काय, देशाच्या नेत्याचं भाषण आणि गव्हाचं विक्रमी पीक. बाई लाकूड कारखान्यातून निवृत्त झाल्या होत्या आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध टाईप करून देत. त्यांच्याकडे येणंजाणं असलंच तर ते या विद्यार्थ्यांचं. पामफिल ऐकत बसायचा. त्या टकटकीत एक ठोका बाकीच्यांपेक्षा जरा कोरडा यायचा. तो ठोका त्याला सवयीचा झाला होता.

चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात बाईंनी त्याला जिन्यात थांबवलं.

"मिस्त्री, एक विचारू? एका प्राध्यापकाने प्रबंध परत पाठवलाय. म्हणतो, तुमचं 'ए' प्यायलेलं दिसतं."

"प्यायलेलं नाही, दांडा वाकलाय त्याचा," पामफिल म्हणाला. "किती तरी वर्षं झाली."

"तुम्हाला हो कसं माहीत?"

पामफिलचे कान लाल झाले. "ऐकू येतं," तो म्हणाला.

रविवारी दुपारी तो पक्कड आणि तेलाची डबी घेऊन पलीकडे गेला. त्या दारातून आत जायची त्याची ती पहिलीच वेळ. बाईंनी अंगात कोट घातला होता, कारण खोली तापवणारे पाण्याचे नळ नावालाच गरम होते. टेबलावर मेणकापड, त्यावर हिरव्या झाकणाचं यंत्र. काम दोन मिनिटांचं होतं, त्याने पाऊण तास लावला. दांडा हळूहळू ओढून सरळ केला, अक्षर इतर अक्षरांच्या रांगेत आणून बसवलं, कागद चढवून ओळभर मारून दाखवलं.

"अगं बाई! शाळेतल्या मुलीसारखं उभं राहिलं की."

मग त्यांनी हरभरे आणि बार्ली भाजून केलेली कॉफी पुढे ठेवली. "कॉफी सोडून सगळं आहे यात. नाक धरून प्या."

"चांगली झालीय."

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला, मिस्त्री."

जिना उतरून नव्हे, नुसतं एक दार ओलांडून तो घरी आला आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःशीच गुणगुणला. काय विसरलो, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

देशातला प्रत्येक टाईपरायटर पोलिसांत नोंदलेला असे. दर जानेवारीत मालकाने तो उचलून ठाण्यात न्यायचा आणि त्यांच्यासमोर पानभर टाईप करून द्यायचं. कुठे नेत्याविरुद्ध पत्रक सापडलं तर अक्षरांवरून यंत्र शोधता यावं म्हणून. दुरुस्ती झाली की लगेच नवं पान. पामफिल सरकारी दुरुस्ती केंद्रात हे गिऱ्हाइकांना रोज सांगायचा. पावतीवर तसा शिक्काच होता. वाकडं अक्षर म्हणजे त्या यंत्राचा चेहरा, आणि पामफिलने पावतीशिवाय, मेणकापडावर, एका दुपारी तो चेहरा बदलून टाकला होता. पण त्या दिवशी तो दुरुस्ती करायला गेलाच नव्हता. कुणाच्या तरी टेबलाशी बसायला गेला होता.

जानेवारीत त्याला ठाण्यात बोलावणं आलं. 'तज्ज्ञ म्हणून' असं चिठ्ठीत होतं. आत अग्लायाबाई खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर हातमोजे. टेबलावर हिरव्या झाकणाचं यंत्र आणि दोन पानं: एक गेल्या वर्षीचं, एक आजचं.

"कॉम्रेड, बघा," अधिकारी म्हणाला. "गेल्या वर्षी 'ए' वर होतं. आज खाली आहे. कुणी केलं?"

पामफिल बाईंकडे बघणार तोच त्या म्हणाल्या, "सांगितलं ना मी. हातातून पडलं. जिन्यात."

अधिकारी हसला. "पडलं की वस्तू वाकते, बाई. तुमची सरळ झाली? मग सगळ्या गावानेच आपापली यंत्रं जिन्यातून टाकावीत." मग पामफिलकडे वळून, "काय हो तज्ज्ञ, असं होतं का?"

भिंतीवरून नेत्याचा फोटो बघत होता. दांड्यावर पक्कडीचे बारीक ओरखडे होते. ते पामफिलला दिसत होते, अधिकाऱ्याला दिसत नव्हते. मी केलं, एवढेच दोन शब्द. त्याच्या डोळ्यांपुढे दुरुस्ती केंद्र आलं, नोकरी आली, ठाण्याचं तळघर आलं.

"होऊ शकतं," तो म्हणाला.

"सही करा."

त्याने सही केली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना अटक झाली नाही. यंत्र जप्त झालं, परवाना गेला, आणि दोन महिने दर सोमवारी त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं. विद्यार्थी येईनासे झाले. पुढे तर बाई रस्त्यात दिसल्या तरी ते मान वळवून जात. बाईंनी पामफिलचं नाव कुणालाही, कधीही सांगितलं नाही.

"पडलं म्हणे!" पावाच्या रांगेत फ्रोसीना म्हणायची. "कुणाला तरी झाकतेय ती. आणि तो कोण असेल, तो खुशाल पाव खात असेल." पामफिल तिच्या मागे चौथा असायचा.

भिंत गप्प झाली. पामफिल रेडिओही लावेना. एकदा रांगेत त्याने पाहिलं, बाईंची बोटं पिशवीच्या कडेवर हलत होती, एकामागून एक, करंगळी तेवढी मागे राहत होती. तो रांग सोडून घरी आला. पाच वर्षं दोघं जिन्यात भेटत राहिले. थंडी आहे. हो, आहे. लिफ्ट बंद. कालपासून. एवढंच.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात उठाव होऊन नेता गेला, ठाण्यातला फोटो गेला. जप्त झालेली यंत्रं मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडली होती, ज्याची त्याने न्यावीत म्हणाले. पामफिल तीन दिवस जात राहिला. हिरवं झाकण सापडलं तेव्हा यंत्र उचलून तो घरी आला. महिनाभर तो ते यंत्र घासत, पुसत, तेल देत होता. शेवटी पक्कड घेऊन त्याने 'ए'चा दांडा परत होता तसा वाकवला, आणि एक ओळ मारून पाहिली. तो कोरडा ठोका आला.

आता फक्त पलीकडे जाऊन ते दोन शब्द म्हणायचे होते. रोज सकाळी तो दाढी करायचा आणि रोज काही ना काही काम निघायचं.

फेब्रुवारीतल्या ज्या गुरुवारी बाई खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या, त्या दिवशी तो दुधाच्या रांगेत होता. अडीच तासांनी दोन बाटल्या घेऊन वर आला तर दार उघडलं नाही. हिरव्या झाकणाचं यंत्र अजून त्याच्याच टेबलावर आहे; त्यावर तो काही टाईप करत नाही.

पण त्या सकाळी त्याने दार वाजवलं होतं. धुतलेला शर्ट घातला होता, वाक्य तोंडात तयार होतं. बाईंनी दार उघडलं, अंगात तोच कोट.

"बरं झालं आलात, मिस्त्री. खाली दूध आलंय म्हणतात. जाताय का?"

"जातो ना."

"माझी बाटली न्याल? गुडघे ऐकत नाहीत आज."

"आणा."

बाटली हातात देताना त्या क्षणभर थांबल्या. "काही सांगायला आला होतात का?"

"नाही, तसं काही नाही," पामफिल म्हणाला. "आल्यावर सांगतो."

"बरं. सावकाश या. दारापुढे बर्फ आहे."