हणमंतरावांची पेटी आणि पोह्यांचा कार्यक्रम

लातूर जिल्हा नुकताच झाला होता, पावसानं दडी मारली होती, आणि आमच्या हणमंतरावांनी वीज आली की विहिरीवरची मोटार आपोआप सुरू करणारी पेटी बनवली होती. ती खपली नसती तर त्यांच्या कारखान्याला कुलूपच लागलं असतं. जाहिरातीसाठी एजन्सी निवडायची कशी? तीन मुली उजवलेल्या माणसाला एकच रीत ठाऊक. त्यांनी एजन्सीवाल्यांना चक्क पोह्यांवर बोलावलं. मीही हजर, पोह्यांसाठीच.

पुण्याचे साहेब गोड बोलले, पोहेही दोनदा घेतले. मग नांदेडहून जीप आणि भोंगा घेऊन पंचशीला गजभारे आल्या. बशीला हात न लावता म्हणाल्या, "काका, आधी नवऱ्या मुलाची खोड सांगा."

हणमंतराव कसनुसे झाले. "विहीर आटली तर पेटीला कळत न्हाई. मोटार जळते."

"मग आधी तेच सांगू."

"बाई, लग्न मोडता का काय?"

"लपवलं तर नांदणार न्हाई, काका."

हणमंतरावांनी बशी पुढं सरकवली. "खा. ठरलं."

औशाच्या बाजारात भोंगा ओरडला, "ज्याची विहीर आटली, त्यानं ही पेटी घेऊ नये!"

झालं! पेटी न घेणं म्हणजे विहीर आटल्याची कबुलीच. कारखान्यावर झुंबड उडाली. सोयरिकीला आलेले पाव्हणे आधी पेटी बघू लागले. आमच्या दोस्ताच्या, मारोतीच्या विहिरीत बेडूकही नव्हता, पण पठ्ठ्यानं पेटी ओसरीवर टांगली आणि लग्न जमवलं.

आता हणमंतराव नाहीत. मारोतीच्या ओसरीवर पेटी मात्र अजून आहे, आणि तिच्याकडं बघून त्याची बायको अजून त्याला शिव्या घालते.