ओवाळणीचा निळा मासा

चप्पल काढायच्या आधीच प्रेमाची नजर काचेवर गेली आणि ती तशीच आत धावली. मोठ्या टाकीत निळा मासा फिरत होता, तिच्या जोकर माशांच्या जोडीच्या अगदी अंगाला अंग घासत!

"आप्पा! हा इथं कोणी सोडला?"

हिंगोलीत घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी प्रेमा तशी एकटीच असंल. कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसते, लग्न केलं न्हाई, वडील व्यंकटराव, म्हणजे आप्पा, देवळात पुजारी. समुद्र इथून एवढा लांब की टाकी बघायला येणारं माणूस हटकून विचारतं, बाई, मीठ घरातलंच टाकता का? ती वेगळं मीठ कुरिअरनं मागवते, फिल्टरच्या पाण्यात कालवते, मापून बघते, लाईट गेली की इन्व्हर्टरकडं पळते. आणि एवढं करून मागं एकदा नवा मासा थेट टाकीत सोडला तर त्याच्या अंगावरच्या किड्यांनी अख्खी टाकी संपवली होती. आधी मिठाचे दाणे चिकटावेत तसे पांढरे ठिपके, मग धाप, मग खलास. ही जोडी त्यानंतरची. आणि या आठवड्यात तर जोडीनं खडकाला पहिल्यांदा अंडी चिकटवलेली!

म्हणून काल भाऊबीजेला धाकट्या भावानं, नचिकेतनं, हैदराबादहून पाण्याच्या पिशवीत आणलेला हा निळा मासा तिच्या ताटात ठेवला तेव्हा तिनं ओवाळलं, हसली, आणि पिशवी उचलून न्हाणीघरातल्या वेगळ्या टबाकडं निघाली.

"माझी ओवाळणी न्हाणीत?" नचिकेतचं तोंडच उतरलं. "पुढच्या वर्षी साडीच आणतो, ती तरी कपाटात ठेवशील."

"रुसू नको रे. महिनाभर वेगळा ठेवते. अंगात किडे असले तर तिथंच कळंल."

आप्पांना हे काही समजंना. मग तिनं त्यांच्या भाषेत सांगितलं, "आप्पा, हा अजून ओवळ्यात आहे. मोठी टाकी सोवळ्यात. शिवाशिव होऊ द्यायची न्हाई." आप्पांनी लगेच मान डोलावली. हे त्यांना बराबर समजलं! सोवळं पाळण्यात तर त्यांचा जन्म गेलेला. म्हणून ती आज निर्धास्त कामावर गेली होती.

आप्पा देवघरातून हात पुसत आले. "मीच सोडला. पण तसाच न्हाई हां, आंघोळ घालून सोडला."

"आंघोळ?"

"मग ओवळं सोवळ्यात कसं येतं? गोड पाणी घेतलं, त्यात गंगाजल, आणि चांगला बुडवून काढला. तडफडला जरा. आता बघ कसा खुशीत आहे."

प्रेमा मटकन खुर्चीवर बसली. "आप्पा, किडा कातडीच्या आत असतो हो. आंघोळीनं न्हाई निघत तो."

"ताई, ठणठणीत दिसून राहिला की तो," आतून येत नचिकेत म्हणाला. "काहून एवढी घाबरती? ठिपका दिसला तर बघू."

"दिसंल तवर किडे वाळूत उतरून हजारानं वाढलेले असतील!"

"मग टाक ना औषध."

"औषधात तांबं आहे. टाकीतल्या कोळंब्या, खडकावरचे जीव सगळे मरतील. सगळे मासे बाहेर काढायचे, टबात औषध द्यायचं, आणि टाकी अडीच महिने बिनमाशाची ठेवायची. मासाच न्हाई म्हणल्यावर किडे उपाशी मरतात."

"आणि अंडी?"

मासे पकडायचे तर खडक उचलावे लागणार, आणि राखण करणारा नर गेला की अंडी सडणार. आणि समजा निळ्याच्या अंगात काहीच नसलं तर? उगीच घालवली असं होईल. तिनं टाकीकडं बघितलं. नर पंखांनी अंड्यांना वारा घालत होता.

तिनं बाही वर केली आणि हात घातला. मादी धावून आली आणि बोटाला चावली. परत चावली. प्रेमाच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण हात मागं आला न्हाई. खडक हलले, पाणी गढूळ झालं, नचिकेत मुकाट्यानं बादल्या धरत राहिला.

तिसऱ्या दिवशी टबात निळ्याच्या अंगभर पांढरे दाणे उठले. त्याच्या दुसऱ्या दिवशी तो मेला. आप्पा त्या दिवशी जेवले न्हाईत. आणि नराच्या शेपटीवर एक ठिपका आलाच. प्रेमा रोज पाण्यातलं औषध तपासायची, खाणं टाकायची, आणि नर तोंड फिरवायचा.

आठवड्यानं ठिपका गेला. खाणं मात्र अजून न्हाई. आप्पा टबापाशी पाटावर बसून होते, हात मांडीवर घट्ट धरून, चुकून पाण्याला लागू नये म्हणून. प्रेमानं चिमूटभर दाणे टाकले. मादीनं झडप घातली. नर हळू वर आला, दाणा तोंडात घेतला. थुंकला.

"थुंकला का ग?"

"बोलू नका आप्पा."

नर परत वर आला. परत घेतला.

"प्रेमे?"

ती श्वास धरून वाकली. गालफडं हलली, एकदा, दोनदा. दाणा काही बाहेर आला न्हाई. नर वळला आणि दुसऱ्या दाण्यावर तुटून पडला.

"गिळला," ती म्हणाली, आणि तिथंच ओल्या फरशीवर बसून रडायला लागली.