कोरांटीताईंचा खुलासा

माझे काका नत्थुजी मूर्तिजापूरला एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. ते निवृत्त झालेत, पण हे त्यांना अजून कोणी लेखी कळवलेलं दिसत नाही. लोणच्याच्या बरणीवर भरल्याची तारीख, वाचून झालेल्या पेपरवर सही, गॅस सिलेंडर आला की वहीत आवक क्रमांक. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं घर आहे, आणि चांदूर रेल्वे या गावाहून इथल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला आल्यापासून मी त्यांच्याकडेच राहते. पुढं जे सांगणार आहे त्याला बऱ्याच अंशी मीच जबाबदार आहे, हे आधीच कबूल करते.

काकांना टीव्हीवरची एकच मालिका चालते, ‘इनामदारांची थोरली’. रोज साडेसातला. त्यातली थोरली सून त्यांना फारशी आवडत नाही, त्यांचा जीव दादासाहेबांवर. दादासाहेब म्हणजे त्या घरातले सासरे. ते दिवाणखान्यात उभे राहून घराण्याच्या इभ्रतीवर बोलतात आणि अख्खं घर हातातलं काम टाकून खाली मान घालून ऐकतं. काकांच्या घरात असं कधी झालं नाही. आमच्याकडे ते बोलायला लागले की मिक्सर सुरू होतो.

मालिकेत काही चुकलं की काका मला बोलावून चूक दाखवायचे. मागच्या भागात दादासाहेबांचा चष्मा सोनेरी होता, आज काळा कसा. साखरपुडा सोमवारी ठरला, मग रविवारी कसा उरकला. रोज जेवताना हेच. माझं डोकं उठलं, म्हणून एका रविवारी मी त्यांना एक ब्लॉग काढून दिला. नाव ठेवलं ‘थोरली परिवार’. म्हटलं, काका, इथं लिहा, ज्यांना मालिका आवडते ते वाचतील. मला वाटलं चार दिवसांत कंटाळतील. काय माझं नशीब, सहा महिन्यांत तिथं सातशे माणसं जमली.

आणि काकांना त्यांची कचेरी परत मिळाली. त्यांनी एकवीस नियम केले. सभासद व्हायचं तर अर्ज. चाहत्यांना मालिकेतल्या पात्रांवर स्वतःच्या मनानं कथा लिहायची असेल तर तीही मंजुरीसाठी सादर करायची, मग तिला क्रमांक. ‘दादासाहेब आणि हरवलेला वाडा, कथा क्र. ४३, मंजूर.’ नियम मोडला तर कारणे दाखवा नोटीस. सात दिवसांत खुलासा आला नाही, किंवा आलेला पटला नाही, तर नाव कमी आणि त्या माणसाचं सगळं लिखाण ब्लॉगवरून काढून टाकणार. ब्लॉगचा पासवर्ड बंद लिफाफ्यात, लिफाफ्यावर काकांची सही, आणि लिफाफा त्यांच्या उशीखाली. लोकांना हे आवडत होतं, खरंच. नागपूरच्या एका बाईनं लिहिलं होतं, इतकी शिस्त आमच्या बँकेतही नाही.

आता काकू. माणिकबाई. काकू मालिका स्वयंपाकघराच्या दारातून बघते, उभ्यानं, कारण त्याच वेळी कणीक मळायची असते. एकदा मी मेथी निवडत बसले होते, तर ती म्हणाली, “ह्या माईसाहेबले काही कामच नाही का वं? नुसती पूजेचं ताट धरून उभी.” माईसाहेब म्हणजे दादासाहेबांची बायको. चारशे भागांत तिच्या वाट्याला ‘अगंबाई’ आणि ‘जेवून घ्या’ एवढंच आलं आहे. मी म्हटलं, असेल काही मनात. काकू म्हणाली, “ते काय म्हणते मनात, सांगू काय तुले?” आणि सांगायला लागली. मी सहज फोनवर उतरवत गेले.

ती पहिली कथा. नाव दिलं ‘माईसाहेबची दुपार’. काकूनं टोपणनाव घेतलं कोरांटी, कारण कुंपणाला लागते आणि पाणी घालावं लागत नाही. काकांच्या नियमाप्रमाणे अर्ज केला, काकांनी तो मंजूर केला. शेजारच्या खोलीतून. पुढं दर मंगळवारी एक कथा. ती भाजी निवडता निवडता सांगायची, मी टाइप करायची. आणि लोक वाचायला लागले. दादासाहेबांच्या शूर कथांना आठ-दहा कमेंट, तर कोरांटीताईंच्या कथांना ऐंशी. अमरावतीची एक पौर्णिमा म्हणून होती, ती दर मंगळवारी लिहायची, ‘ताई, तुमची कथा वाचली तेव्हाच भाकर टाकली. आज बरं वाटतं का तुम्हाला?’ काकू ते चष्मा लावून दोन-दोनदा वाचायची. दहावी झालेली आहे ती, वाचायला तिला कोणी लागत नाही. लिहायचं मात्र म्हणायची, “मोबाईलवर बोट नाही चालत माझं, तू कर.”

गडबड सोळाव्या कथेनं केली. त्यात दादासाहेब दिवाणखान्यात इभ्रतीवर बोलून येतात, माईसाहेब पूजेत असते म्हणून स्वतःच चहा ठेवतात, आणि साखरेचा डबा सापडत नाही. अकरा डबे उघडतात. शेवटी मीठ घातलेला चहा पूर्ण पितात, पण माईसाहेबला विचारत नाहीत. हे आमच्याकडे दिवाळीत झालेलं आहे, अकरा डबेही मीच मोजले होते. मी काकूला म्हटलं, हे नको टाकूस, काका ओळखतील. ती म्हणाली, “नाही ओळखत. पाहून घे तू.”

तिचंच खरं झालं. काकांनी मंजुरीला आलेली कथा वाचली आणि लाल झाले. “असा माणूस असूच शकत नाही,” मला म्हणाले. “ज्याले आपल्या घरातला साखरेचा डबा माहीत नाही, तो इनामदार कायचा? ही सरळ सरळ बदनामी आहे. नियम सात.” आणि त्याच दिवशी नोटीस गेली. ‘आपण दादासाहेब या पात्राची जाणीवपूर्वक अवहेलना केल्याचे निदर्शनास आले आहे. आपले नाव कमी का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.’

मला हसू आलं. मी ते काकूला वाचून दाखवलं, तर ती पाटावर खालीच बसली. मी म्हटलं, असं काय करतेस, सोळाच्या सोळा कथा उतरवून ठेवते, आपण दुसरा ब्लॉग काढू. ती म्हणाली, “कथा घेऊन जाशील तू. पौर्णिमाले कशी घेऊन जाशील? तिनं जे जे लिहिलं, बाकी बायायनं लिहिलं, ते कुठून आणशील?” दुसरा ब्लॉग काढला तर तिथं कोणाला बोलवायचं, आणि कोणी सांगायचं? दिवसभरात तिच्याशी बोलणारी माणसं तेवढीच होती. मी सकाळी आठला जाते, शेखर, तिचा मुलगा, पुण्याला, आणि काका घरात असतात.

सहाव्या दिवशी तिनं खुलासा सांगितला. काकांच्या छापील नमुन्यात चौथा रकाना आहे, ‘परिवारात राहण्याचे प्रयोजन’. मी म्हटलं, लिहू या, मराठी संस्कृतीच्या सेवेसाठी. काकांना तसलं आवडतं. ती म्हणाली, “नाही. मी खरं तेच सांगतो, तू तसंच लिही.” मी लिहिलं ते असं:

‘माझ्या घरी माणूस आहे. तो वाईट नाही. पीत नाही, हात उचलत नाही, पगार आणून देत होता. सदतीस वर्षांत त्यानं मले जे काही विचारलं ते कुठं ठेवलं एवढंच विचारलं. किल्ली कुठं ठेवली, चष्मा कुठं ठेवला. कशी आहेस असं नाही विचारलं. मी माईसाहेबले बोलती केली तं अमरावतीची बाई, जिचं मी तोंड नाही पाहिलं, ते मले विचारते, ताई, बरं वाटते काय. म्हणून मले राहू द्या. डब्याचं खोटं असन तं काढून टाका.’

मी पाठवलं आणि रात्री जेवले नाही. मला वाटलं, सकाळी या घरात काहीतरी फुटणार.

सकाळी काकांनी चहा घेता घेता खुलासा उघडला. त्यांना मोठ्यानं वाचायची सवय आहे. वाचता वाचता आवाज खाली आला. काकू पोह्यांची प्लेट घेऊन दारात उभी. वाचून झालं तसा काकांनी चष्मा काढला, डोळे पुसले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे डोळे ओले बघितले.

“काय माणूस असन हा,” काका म्हणाले. “सदतीस वर्षं. अन बायकोले साधं कशी आहेस नाही विचारलं. अशा माणसाले खरी नोटीस काढाले पाहिजे.” मग काकूकडे बघून म्हणाले, “आपल्याले किती झाले वं?”

“झाले असतीन तेवढेच,” काकू म्हणाली आणि प्लेट पुढं ठेवली.

काकांनी पोहे कालवले. “लिंबू कुठं ठेवलं?”

मी तिथून उठले, नाहीतर ते लिंबू मी त्यांच्या डोक्यावर पिळलं असतं. एक माणूस इतका हुशार, सातशे माणसांचा हिशोब ठेवतो, चष्म्याची काडी बदलली तरी त्याला कळतं, आणि हे कळत नाही. मला राग आला तो आला, पण काकूचा जास्त आला. ती लिंबू आणायला गेली होती.

दुपारी काकांचा आदेश निघाला. खुलासा समाधानकारक, नियम सात रद्द, सोळाही कथा कायम. खाली त्यांनी स्वतःच्या हातानं, एका बोटानं, तासभर बसून लिहिलं होतं: ‘कोरांटीताई, हे मी अध्यक्ष म्हणून लिहीत नाही. तुमचं दुःख वाचून मला झोप लागणार नाही. तुम्ही एकट्या आहात असं समजू नका. तुम्ही कशा आहात, ते मला दर रविवारी कळवत जा. मी वाट पाहीन.’

संध्याकाळी मी आल्यावर काकूनं ते गव्हाच्या कोठीला टेकून वाचलं. मग फोन पदरात घेतला. म्हणाली, “किती चांगलं लिहिते हा माणूस.”

मी म्हटलं, आता बस झालं, मी जाऊन सांगते त्यांना. मी उठले तर तिनं माझं मनगट धरलं, आणि तिच्या हातात एवढा जोर आहे हे मला माहीत नव्हतं. “नको सांगू. समजलं तं ते लिहिणं बंद करतीन. घरच्या बाईले कोणी असं लिहिते काय?”

मी परत खाली बसले, आणि दर रविवारी टाइप करत गेले. ती सांगायची, आज जरा बरं आहे. आज भेंडी मिळाली कोवळी. काकांचं उत्तर त्याच दिवशी यायचं, लांबलचक. काळजी घ्या, ऊन लागू देऊ नका, मन मोकळं करत जा. ते पाठवून झालं की ओसरीतून हाक यायची, चहा टाक.

मागच्या रविवारी तिनं सांगितलं, गुडघा लय दुखते, जिना उतरणं होत नाही. मी लिहिलं. थोड्या वेळानं काका स्वयंपाकघराच्या दारात आले. ते तिथं सहसा येत नाहीत.

“अवं, त्या कोरांटीताईचा गुडघा दुखून राहिला म्हणते. आपल्या घरी ते तेल आहे ना वैद्याकडचं? नाव काय त्याचं? कळवतो तिले.”

काकू गुडघ्यावर हात ठेवून उठली. भिंतीला धरत फळीपर्यंत गेली, बाटली काढली, आणून दिली. काकांनी चष्मा लावून नाव कागदावर नीट उतरवलं, किती वेळा लावायचं तेही उतरवलं, आणि बाटली परत तिच्या हातात दिली. “ठेव आता जागेवर.”

ती बाटली घरात दोन वर्षांपासून आहे. एक दिवसही तिनं ती उघडलेली मी बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लासहून आले, तर काकू मोरीजवळ पाय पसरून बसली होती आणि गुडघ्याला तेल चोळत होती.

“आज कसं काय?” मी विचारलं.

“त्यायनं सांगतलं ना लावाले,” ती म्हणाली. “दिवसातून दोन वेळा.”