गोलघुमटातलं गाऱ्हाणं

आज पूजेला उशीर झाला, सिद्धरामेश्वरांनी सांभाळून घ्यावं. काल आम्ही बायका विजापूरला गेलो होतो. पाय अजून जिनेच चढतायत.

शेजारचे शिवप्पाअण्णा बत्तीस वर्षं सोलापूर-विजापूर एसटीवर कंडक्टर होते. गल्लीत आदिलशाहीचा विषय निघाला की शेवटचा शब्द अण्णांचा. कुठला बादशहा कुणाचा मुलगा, कुठली तोफ किती वजनाची, सगळं तोंडपाठ. त्यांची बायको गुरम्माक्का दरवर्षी म्हणायची, "मलाबी विजापूर दाखवा की एकदा." अण्णांचं उत्तर ठरलेलं, "मी रोज जातो की. तू आणि वेगळं काय बघणार?"

अण्णा रिटायर झाले आणि ते उत्तरही रिटायर झालं. सोमवारच्या भजनातल्या आम्ही आठजणींनी अक्काची बाजू धरली. अण्णांना नाही म्हणता येईना. बत्तीस वर्षांची पत पणाला लागली.

पहिल्या गाडीनं निघून सकाळी सकाळी गोलघुमटापाशी पोचलो. अण्णांनी मुंडकी मोजली, "नऊ. चला, पुढं सरका." बाहेरून घुमटाची थोरवी सांगत सांगत त्यांनी इमारतीला पूर्ण फेरी मारली. मग दुसरी सुरू केली. आम्ही भक्तिभावानं मागोमाग.

"अण्णा, प्रदक्षिणा किती घालायच्या असतात हितं?" मी विचारलं.

झाडणारी एक बाई हसली आणि केरसुणीनंच जिन्याचं दार दाखवलं. "व्हय व्हय, तेच बघत हुतो," अण्णा म्हणाले, पण कपाळाला घाम.

सात मजले चढून घुमटाच्या आतल्या गोल सज्जात आलो. गर्दी नव्हती. आम्ही भिंतीला टेकून धापा टाकत बसलो. अण्णा एकटेच चालत पार समोरच्या बाजूला गेले आणि भिंतीकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले. तेवढ्यात भिंतीतून आमच्या कानाशी, अगदी शेजारी बसल्यासारखा, त्यांचा आवाज आला :

"सिद्धरामा, लाज राख बाबा. बत्तीस वर्षं आलो, पण स्टँडवर चहा प्यायचा आणि माघारी फिरायचं. ह्या बायका आता काय काय विचारतील! गुरम्माला कळू देऊ नको."

देवाच्या आधी गाऱ्हाणं आम्हाला पोचलं होतं. गुरम्माक्कानं शांतपणे भिंतीला तोंड लावलं. "भक्ता, भिऊ नको. गुरम्माला कळलंय."

समोर अण्णा ताठ झाले. त्यांनी घाईघाईनं कान धरले, वर बघितलं. इतक्यात अक्काला जिना चढल्याचा खोकला आला, आणि तोही सगळीकडून घुमला. अण्णा हळूहळू आमच्याकडे वळले. मग जे हसू फुटलं, ते घुमटानं पुन्हा पुन्हा परत केलं.

दुपारी किल्ल्यात गेलो. तिथल्या एका मशिदीला आदिलशाहीच्याही आधीच्या काळातल्या देवळाचे खांब आहेत, त्यांवर जुनी अक्षरं कोरलेली. गुरम्माक्का कन्नड शाळेत शिकलेली. बोट न लावता एकेक अक्षर जुळवत होती. तीन जुळली, चौथं अडलं.

"कुठल्या राजाचं हो हे?" तिनं विचारलं.

अण्णांनी सवयीनं तोंड उघडलं. मग आजूबाजूच्या भिंतींवरून नजर फिरवली आणि हळूच म्हणाले, "मला म्हाईत न्हाय."

"मोठ्यानं बोला की," अक्का म्हणाली, "हितली भिंत काही सांगत न्हाय."