तिथं 'अवाच्य' लिहायचं होतं

माझ्या नवऱ्याला माझ्या सगळ्या खोडी ठाऊक आहेत, ही एक सोडून. बहिणीलाही ठाऊक नाही. कॉलेजात वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर बसून माझा डबा अर्धा खाणाऱ्या बाईंनाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात तर वाचून झाल्यावर मत बदलेल तुमचं. बदलू दे. फक्त मध्ये अडवू नका. एकदा थांबले तर पुन्हा सुरू करायची हिंमत माझ्यात नाही.

मी मुरबाडला कॉलेजात ग्रंथपाल होते. आणि मला मोडी येते. म्हणजे — येते, असं सगळे म्हणतात. खरं काय ते सांगू? तरुणपणी मी मोडीचा वर्ग केला, परीक्षेत पहिली आले. पण वर्गातली मोडी म्हणजे फळ्यावरची सुबक अक्षरं. गावातल्या माणसानं टाकानं, घाईघाईत, हात न उचलता लिहिलेली मोडी समोर आली की त्यातलं निम्मं मला लागत नाही. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पण 'मॅडमना मोडी येते' हे एकदा पंचक्रोशीत पसरल्यावर 'निम्मीच येते हो' असं कोण सांगत बसतं? मी तरी नाही सांगितलं. लोक पिशवीतून जुने कागद घेऊन यायचे, मी चष्मा पुसायचे, जरा वेळ लावायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

तर शहापूरला तीन दिवसांची कार्यशाळा होती. नाव भारदस्त — 'मानव्यविद्यांसाठी डिजिटल पद्धती'. म्हणजे काय, तर जुन्या वह्या-कागदांचे मोबाइलनं नीट फोटो कसे काढायचे, कॉम्प्युटरवर कसे चढवायचे, नोंदी कशा करायच्या, मजकूर टाइप करून सगळ्यांना वाचायला खुला कसा करायचा. मराठीचे आणि इतिहासाचे प्राध्यापक होते, आम्ही ग्रंथपाल होतो, गावोगावच्या वाचनालयांतली माणसं होती. शिकवायला मुंबईची एक तरुण मुलगी. हुशार आणि सरळ. पहिल्याच तासाला तिनं फळ्यावर चौकटी कंस काढला आणि आत लिहिलं — अवाच्य. म्हणाली, जे वाचता येत नाही तिथं हे लिहा. अंदाज ठोकू नका. तुमच्या अंदाजावर उद्या कुणीतरी विसंबणार आहे. मी ते वहीत उतरवून घेतलं. वर दोनदा अधोरेखित केलं.

हे मुद्दाम सांगतेय. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

तिथं सुमन आली होती. उंबरमाळीच्या बाजूला एका गावात छोटं वाचनालय आहे, ते ती सांभाळते. चाळिशीची, हसरी, कानावर पेन खोचणारी. आसनगावला उतरून रिक्षानं यायची आणि सगळ्यांच्या आधी हजर असायची. तिनं आजोबांची वही आणली होती. आजोबा भातशेती करणारे, पण चार बुकं शिकलेले. गावाचे अर्ज-कागद तेच लिहायचे. वहीत घरचं सगळं — पेरणी कधी झाली, बैल कधी आणला, कोण जन्मलं, कोण गेलं. सगळं मोडीत, सगळं घाईत.

आणि त्या वहीत एक पान होतं. सुमनच्या वडिलांना — गणपत आबांना — एक थोरली बहीण होती, ठमी. आबा सात वर्षांचे असताना ती घरातून गेली ती गेलीच. का गेली, कुठं गेली, हे आबांना कुणी सांगितलं नाही. विचारलं की मार बसायचा. पुढं सगळी मोठी माणसं मरून गेली, विचारायलाच कोणी उरलं नाही. भाऊबीजेला चुलतबहिणी ताट घेऊन यायच्या तर आबा पाटावर बसायचे नाहीत. म्हणायचे, "माजी हाय. ती यील तवा बसन." सत्तर वर्षं हेच. वहीत ठमीचं नाव आहे एवढं सुमनला कुणीतरी सांगितलं होतं. पुढं काय लिहिलंय ते वाचून घ्यायला ती तीन दिवसांची रजा टाकून आली होती. तिला डिजिटल-बिजिटल काही नको होतं हो. तिला एक पान वाचून हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मुंबईच्या त्या मुलीनं ते पान पडद्यावर मोठं करून दाखवलं आणि म्हणाली, मॅडम, तुम्ही वाचा ना.

सगळं सभागृह माझ्याकडं बघत होतं. प्राचार्य पहिल्या रांगेत. मी उठले, पडद्याजवळ गेले. पहिली ओळ लागली — महिना, तिथी, 'चि. ठमी हिने'. पुढच्या चार ओळींवर कधीतरी पाणी पडून शाई पसरलेली. एकही शब्द धड दिसेना. मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मागं कुणीतरी खोकलं. आणि सुमन — ती उभीच राहिली होती, मोबाइल धरून, माझा आवाज टिपायला.

किती सोपं होतं? एक शब्द. तो शब्द मी वहीत लिहून घेतला होता.

मी वाचलं. ठणठणीत आवाजात वाचलं — ठमी हिने तापाने अंथरूण धरले, तिसरे दिवशी देवाज्ञा झाली. अशा वह्यांत देवाज्ञा पानोपानी असते, म्हणून ती जिभेवर आली असावी. का आली, कोण जाणे. मग सुमन रडायला लागली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

तुम्हाला वाटेल, ही झाली कबुली. नाही. हे फक्त खोटं होतं, आणि खोटं दुसऱ्या दिवशी फोन करून मागं घेता येतं. 'सुमन, मी अंदाज केला गं' — एवढं म्हणायचं होतं. मी वाट बघत राहिले. कशाची? पान कुणी पुन्हा उघडणार नाही, याची खात्री पटण्याची.

सर्वपित्री अमावास्येला सुमनचा फोन आला. आबांनी पहिल्यांदाच बहिणीच्या नावानं पान वाढलं होतं — भात, वडे, भोपळ्याची भाजी. "कावळा लगेच शिवला हो मॅडम," ती सांगत होती. "आबा म्हनले, सुटली माजी बाय. तुमच्यामुळं झालं सगळं." मी काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी चांगलंच बोलले असणार. मी चांगलं बोलते.

त्या भाऊबीजेला आबा चुलतबहिणीपुढं पाटावर बसले. सुमननं फोटो पाठवला. कपाळावर कुंकू, डोक्यावर टोपी, तोंडावर काहीच नाही. मी त्याला हात जोडलेलं चित्र पाठवून दिलं.

मग माझं नाव झालं. माझं वाचन वेबसाइटवर चढलं, खाली 'लिप्यंतर' म्हणून माझं नाव. पुढची कार्यशाळा मुरबाडला झाली तेव्हा बॅनरवर मी होते, तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून. शाल मिळाली. आणि मी काय शिकवलं असेल? मीही फळ्यावर चौकटी कंस काढला. म्हटलं, 'अवाच्य' लिहायला लाजू नका, त्यात कमीपणा नाही. पोरं लिहून घेत होती.

त्याच कार्यशाळेत मुंबईची ती मुलगी पुन्हा आली होती. तिनं एक नवी युक्ती दाखवली — फोटोतले रंग वेगवेगळे करायचे, मग डाग पुसट होतो आणि खालची शाई वर येते. सगळ्यांना मजा वाटली. मी ती वहीत उतरवून घेतली.

दोन दिवसांनी ग्रंथालयात दुपारी कुणी नव्हतं तेव्हा मी ते पान उघडलं. निळा काढला, लाल ठेवला. चारही ओळी दिसायला लागल्या. तासभर लागला, पण माझ्यासारखीला सुद्धा वाचता आल्या. ठमी हिने — पुढं सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावाचं नाव, एका माणसाचं नाव — याचे घरी संसार मांडिला. इतःपर तिचे नाव या घरात कोणी काढू नये. आडनाव दुसऱ्या जातीचं होतं. एवढंच. बापानं नाव काढू नका म्हटलं होतं. मारली मी.

मी फोन उचलला. सुमनचा नंबर लावला. तिनं "बोला मॅडम" म्हटलं आणि मी विचारलं, आबांची तब्येत कशी आहे? बरी आहे म्हणाली, जेवतात, फिरतात. मी म्हटलं, छान, आणि ठेवून दिला.

का? बॅनर डोळ्यांपुढं आला. टाळ्या आल्या. 'म्हणजे बाकीचं पण असंच वाचलं का तुमी?' असं उद्या माणसं विचारणार, पिशव्या घेऊन आलेली सगळी माणसं, हे आलं. आणि काही बाकीचं तसंच वाचलं होतं, हेही आलं. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

पुढच्या जूनमध्ये आबा गेले. ठमी, तिथली ठमाबाई, त्यानंतर दिवाळीच्या आधी — त्या गावचा एक विद्यार्थी ग्रंथालयात यायचा, त्याच्याकडून कळलं. सुमनला मी अजून सांगितलेलं नाही. छापून आल्यावर ती वाचेल, तेव्हा तिला कळेल. तोंडावर सांगायचं धैर्य आजही नाही, हे तिनं तेवढ्यावरूनच ओळखावं.

आता उरलंय ते सांगते. इतका वेळ टाळत होते, तुमच्या लक्षात आलं असेल.

मी त्या गावाला गेले होते. पान वाचल्यावर पंधराएक दिवसांनी, मार्चमध्ये, आबा चांगले हिंडते-फिरते असताना. घरी सांगितलं, मैत्रिणीकडं जाते. मुरबाडहून एसटी, पुढं शेअर रिक्षा. ती केव्हाच मेलेली असेल, मग माझं खोटं खरं ठरेल — हे बघायला गेले होते मी. हो, तेवढ्यासाठीच. गावात त्या माणसाचं नाव विचारलं. एक पोरगी म्हणाली, ते मागंच गेले, म्हातारी हाय.

अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि ती काठी घेऊन कोंबड्या हाकत बसली होती. बारीक, काळीसावळी, नव्वदीला आलेली, कान शाबूत. मी म्हटलं, कॉलेजकडून आलेय, जुन्या वह्या शोधतेय. ती म्हणाली, "आमच्यात कोन लिवनार गो?" आणि बसायला गोणपाट पुढं केलं. पाणी दिलं. विचारलं, "कुटशी आलीस?" मुरबाड म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, शहापूरकडून.

तिची काठी थांबली.

"तिकडं माजा भाव हाय," ती म्हणाली. "गन्या. धाकला. मी निंगालो तवा फाट्यापरेंत मागं मागं आलेला, दगड मारून परत धाडला त्याला." कोंबड्या फुलांवर आल्या तरी तिनं हाकल्या नाहीत. माझ्याकडं सरळ बघून तिनं विचारलं, "तुमी लोकं हिंडतां. तुला ठावं हाय का? हाय का तो, का गेला?"

मी म्हटलं, मला नाही माहीत, आजी.

ती "हां" म्हणाली आणि पुन्हा काठी उचलली. सुमनचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. गावात रेंज होती — आत शिरतानाच मी बघितलं होतं.